एक ध्वनियंत्र आणि चार खोल्या

आपल्या गोव्यातील जुनी घरे ज्यांनी बांधली त्यांनी ध्वनिशास्त्राची पुस्तके वाचली असतील असे नाही. पण घराच्या मधोमध राजांगण मोकळे ठेवून त्याच्या चारी अंगांनी खोल्या काढण्याची त्यांची रीत आवाजाच्या दृष्टीने मोठी सोयीची होती. देवघरापुढे भजन उभे राहिले की घुमटाचा ठेका स्वयंपाकघरात पोचे, माजघरात पोचे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही तो आपल्या जागी ऐकू येई. पुढे घरांत नव्या भिंती आल्या, राजांगणावर पत्रे चढले, खोल्यांना बंद होणारी दारे लागली. एका खोलीतला सूर दुसऱ्या खोलीत जाईनासा झाला. मग तो यंत्राने आणि तारेने न्यावा, ही इच्छा माणसाला होणे स्वाभाविकच आहे.

ही इच्छा नवी नाही. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत-प्रदर्शनात क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्याने तेथील ऑपेरागृहातले गायन टेलिफोनच्या तारांवरून प्रदर्शनाच्या दालनांत आणून लोकांना ऐकविले होते. श्रोते दोन्ही कानांना दोन श्रवणिका लावून बसत. आज हेच काम घरातल्या घरात करणे पुष्कळ सोपे झाले आहे. मात्र सोपे झाले म्हणून ते न समजता करावे असे नाही. न समजता केले की काय होते, याचे एक उदाहरण आम्ही जवळून पाहिले. त्यातूनच हा लेख निघाला.

प्रसंग

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी दिवाणखान्यात ‘होम थिएटर रिसीव्हर’ आहे. दूरदर्शन-संच, गाणी वाजविण्याचे यंत्र आणि पाच ध्वनिक्षेपक त्याला जोडलेले. घरातील आजी मांडीचे हाड मोडल्यामुळे काही महिने आतल्या खोलीत पडून होती. ती जुन्या नाट्यसंगीताची मोठी भोक्ती. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी हे दोघेही मंगेशीचे, आणि या अभिमानाचा उच्चार तिच्या प्रत्येक संभाषणात एकदा तरी व्हायचाच. चवथ जवळ आली. घरात गाणी लागणार, आणि आजीला मात्र भिंतीपलीकडून नुसती कुजबुज ऐकू येणार, हे नातवंडांना बरे वाटेना. त्यांनी ध्वनिक्षेपकांच्या तीन जोड्या विकत आणल्या: एक आजीच्या खोलीसाठी, एक स्वयंपाकघरासाठी, एक सोप्यासाठी. बाजारातून बारीक तार आणली, आणि दिवाणखान्यातील पुढच्या दोन ध्वनिक्षेपकांच्या तारा रिसीव्हरच्या ज्या टर्मिनलांना जोडल्या होत्या त्याच टर्मिनलांना या तिन्ही जोड्यांच्या तारा पिळून बसविल्या.

हळू आवाजात सारे ठीक चालले. चवथीच्या संध्याकाळी पाहुणे जमले, गलबला वाढला, म्हणून कोणी तरी आवाजाचे बटण फिरविले. आणि यंत्र एकाएकी मुके झाले. पुन्हा सुरू केले की क्षणभर वाजे आणि पुन्हा बंद पडे. घरातील मंडळींनी यंत्राला दोष दिला, दुकानदाराला दोष दिला, वीजपुरवठ्यालाही दिला. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाला, “सर, सगळ्या तारा बरोबर जोडल्या होत्या. मग यंत्र बंद का पडलं?”

आम्ही भाषेचे शिक्षक; विजेशी आमचा संबंध दिवा लावण्यापुरता. पण मुलाचा प्रश्न खरा होता आणि त्यामागची कळकळही खरी होती. म्हणून शाळेतील विज्ञान-शिक्षकांच्या शेजारी बसून आम्ही हा विषय नव्याने शिकलो. जे समजले ते येथे क्रमाने मांडतो.

रिसीव्हरच्या पोटात काय असते?

बाहेरून एकच दिसणाऱ्या या पेटीत तीन कामे करणारी तीन अंगे असतात. पहिले अंग निवड करते: दूरदर्शन-संच, चकती वाजविणारे यंत्र, आकाशवाणी यांपैकी कोणाचा आवाज घ्यावयाचा ते ठरविते. दुसरे अंग अंकांच्या रूपाने आलेला आवाज उलगडून त्याचे विजेच्या लहरींत रूपांतर करते. तिसरे अंग म्हणजे शक्तिवर्धक. ते त्या दुबळ्या लहरींना ध्वनिक्षेपक हलविण्याइतके बळ देते. असे शक्तिवर्धक एका पेटीत पाच, सात किंवा नऊही असतात. ‘५.१’ याचा अर्थ पाच सामान्य ध्वनिक्षेपक आणि फक्त खर्जाचा असा एक, ‘७.१’ याचा अर्थ तसेच सात आणि एक.

ध्वनिक्षेपकाची रचना आणखी सरळ आहे. चुंबकाच्या खाचेत तारेचे एक हलके वेटोळे असते, आणि ते कागदाच्या किंवा तशाच दुसऱ्या हलक्या पदार्थाच्या शंकूला चिकटविलेले असते. वेटोळ्यातून वीज वाहिली की ते पुढेमागे हलते, शंकू हलतो, शंकूपुढची हवा हलते, आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी या रचनेला जे रूप दिले तेच तत्त्वतः आजही चालू आहे.

एका शाळामास्तराचा नियम

यंत्र का बंद पडले याचे उत्तर गेऑर्ग सिमोन ओहम याच्या नियमात आहे. हा ओहम जर्मनीतील कोलोन शहरात माध्यमिक शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा नियम तुम्ही पाठ केलेलाच आहे: विभवांतराला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत रोधाऐवजी ‘संरोध’ हा शब्द वापरतात, कारण उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणारा त्याचा विरोध स्वराच्या उंचीप्रमाणे कमीजास्त होतो. ध्वनिक्षेपकामागे ‘८ ओहम’ असे छापलेले असते ती ठोकळमानाने धरलेली संख्या समजावी.

आता हिशेब करू. समजा, शक्तिवर्धक एका क्षणी २० व्होल्ट विभवांतर देत आहे. ८ ओहमचा एकच ध्वनिक्षेपक जोडला असता धारा २० भागिले ८, म्हणजे २.५ अँपिअर होते. व्होल्ट गुणिले अँपिअर केले की शक्ती मिळते. ती झाली ५० वॅट.

त्याच टर्मिनलांना आणखी एक ८ ओहमचा ध्वनिक्षेपक जोडला तर काय होईल? ही समांतर जोडणी झाली. विजेला जाण्यास दोन वाटा मिळाल्या, म्हणून एकूण संरोध निम्मा, ४ ओहम, झाला. धारा ५ अँपिअर, शक्ती १०० वॅट. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी डाव्या बाजूच्या टर्मिनलांना दिवाणखान्यातला एक आणि खोल्यांतले तीन असे चार ध्वनिक्षेपक होते, आणि उजवीकडेही तसेच. चार समांतर वाटा झाल्याने संरोध २ ओहमवर आला. धारा १० अँपिअर, शक्ती २०० वॅट! जे यंत्र एका बाजूला ५० वॅट सुखाने देते त्याच्याकडे नकळत चौपट मागणी गेली. हळू आवाजात विभवांतर थोडे असल्याने ही मागणी भागत होती; बटण फिरविताच ती हाताबाहेर गेली. यंत्र जळू नये म्हणून त्यात बसविलेल्या संरक्षक योजनेने त्याला बंद केले. ज्याला सारे बिघाड म्हणत होते, तो यंत्राने स्वतःचा केलेला बचाव होता.

मग एकसर जोडणी केली तर? दोन ध्वनिक्षेपक एकामागे एक जोडले की ८ अधिक ८ असे १६ ओहम होतात. धारा १.२५ अँपिअर, एकूण शक्ती २५ वॅट, प्रत्येकाच्या वाट्याला १२.५ वॅट. यंत्राला धोका नाही. पण एकाची तार तुटली की दुसराही मुका होतो. शिवाय दोन्ही ध्वनिक्षेपक एकाच जातीचे नसतील तर संरोधाच्या कमीजास्तीमुळे कोणत्या स्वराला कोणाला किती विभवांतर मिळेल याचा मेळ राहत नाही, आणि गाण्याचा पोत बिघडतो.

चार मार्ग

एका यंत्रातून अनेक खोल्यांत आवाज नेण्याचे योग्य मार्ग कोणते, ते आता पाहू.

पहिला मार्ग म्हणजे यंत्रातील रिकामे शक्तिवर्धक कामाला लावणे. सात शक्तिवर्धकांचा रिसीव्हर असून दिवाणखान्यात पाचच ध्वनिक्षेपक असतील तर दोन शक्तिवर्धक बसून राहिलेले असतात. पुष्कळ रिसीव्हरांच्या मांडणीत हे दोन ‘झोन दोन’, म्हणजे दुसऱ्या विभागाकडे, सोपविण्याची सोय असते. या दुसऱ्या विभागाची निवड वेगळी आणि आवाजाचे नियंत्रणही वेगळे. दिवाणखान्यात क्रिकेटचा सामना आणि आतल्या खोलीत अभंग, असे एकाच वेळी चालू शकते. काही यंत्रांवर ‘स्पीकर अ’ आणि ‘स्पीकर ब’ अशी बटणे असतात; त्यांचे काम यापेक्षा निराळे आहे. तेथे दोन्हीकडे एकच गाणे एकाच आवाजात वाजते, आणि दोन्ही बटणे एकदम दाबली की पुष्कळ यंत्रांत समांतर जोडणीच होते. म्हणून यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत किती ओहमपर्यंत खाली जाण्याची मुभा आहे ते आधी वाचावे.

दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या विभागाची दुबळी लहर रिसीव्हरच्या मागील ‘प्री-आउट’ छिद्रांतून बाहेर काढून वेगळ्या शक्तिवर्धकाकडे देणे. येथे रिसीव्हरवर कसलाच भार पडत नाही. भार नव्या शक्तिवर्धकाने सोसावयाचा. मात्र ही दुबळी लहर फार लांब नेली आणि दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणच्या विजेवर चालत असली तर तीत कधी कधी गुणगुण शिरते. म्हणून शक्तिवर्धक रिसीव्हरजवळच ठेवून पुढची लांब तार ध्वनिक्षेपकाची करावी.

तिसरा मार्ग आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटला. यात प्रत्येक खोलीत भिंतीवर आवाजाचे एक बटण बसवितात आणि त्याच्या पोटात लहानसे रोहित्र असते. रोहित्राच्या वेढ्यांचे प्रमाण २ : १ असेल तर ध्वनिक्षेपकाला मिळणारे विभवांतर निम्मे होते, पण शक्तिवर्धकाला दिसणारा संरोध प्रमाणाच्या वर्गाने, म्हणजे चौपट, वाढतो. ८ ओहमचा ध्वनिक्षेपक शक्तिवर्धकाला ३२ ओहमचा भासतो. असे चार समांतर जोडले तरी ३२ भागिले ४ म्हणजे पुन्हा ८ ओहमच! २० व्होल्टांपैकी प्रत्येक ध्वनिक्षेपकाला १० व्होल्ट, म्हणजे १२.५ वॅट मिळतात; चारांचे मिळून ५० वॅट. देणाऱ्याच्या ऐपतीइतकेच मागणे झाले, आणि प्रत्येक खोलीतील माणसाला आपला आवाज आपण कमीजास्त करण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

चौथा मार्ग बिनतारी. घरातील वाय-फायवरून आवाज अंकरूपाने जातो, आणि प्रत्येक ध्वनिक्षेपकात स्वतःचा शक्तिवर्धक असतो. तारा ओढाव्या लागत नाहीत. तथापि प्रत्येकाला विजेची जोडणी लागते. शिवाय जुन्या घरांच्या जाड चिऱ्यांच्या भिंतींतून जाताना या लहरी बऱ्याच क्षीण होतात. दोन खोल्यांतले ध्वनिक्षेपक क्षणाचाही फरक न पडता एकत्र वाजावेत यासाठी त्यांची घड्याळे सतत जुळवून घ्यावी लागतात. हे काम त्यांतील संगणक करतो. एकाच बनावटीची उपकरणे असली तर ते बहुधा नीट होते.

येथे आपल्या शाळांकडेच एकदा वर मान करून पाहा. व्हरांड्यात प्रार्थनेसाठी जे ध्वनिक्षेपक टांगलेले असतात, ते बहुतेक ठिकाणी याच रोहित्राच्या तत्त्वावर, पण १०० व्होल्टांच्या मार्गाने चालतात. प्रत्येकात लहान रोहित्र असते आणि त्यावर किती वॅट ते लिहिलेले असते. ६ वॅटच्या ध्वनिक्षेपकाचा १०० व्होल्टांना भासणारा संरोध सुमारे १६६७ ओहम येतो. त्यामुळे धारा फार थोडी लागते, आणि बारीक तारेवरूनही आवाज शाळेच्या दुसऱ्या टोकाला जातो. येथे ओहमचा हिशेब करावा लागत नाही. सगळ्या ध्वनिक्षेपकांच्या वॅटची बेरीज शक्तिवर्धकाच्या वॅटपेक्षा कमी असली म्हणजे झाले. मात्र घरातला रोहित्र नसलेला ध्वनिक्षेपक या तारेला कधीही जोडू नये.

तारेचा हिशेब

विद्यार्थ्याच्या घरी रिसीव्हरपासून आजीच्या खोलीपर्यंत तारेची वाट १८ मीटर होती. वीज जाते आणि परत येते, म्हणून हिशेब ३६ मीटरांचा करावयाचा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. मुलांनी वापरलेली तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती. तिचा एकूण रोध सुमारे १.२ ओहम येतो. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकापाशी पोचण्यापूर्वीच शक्तीचा सुमारे आठवा भाग तारेत उष्णता होऊन वाया जातो, आणि स्वराच्या उंचीप्रमाणे आवाजही थोडा बदलतो. तारेचा रोध ध्वनिक्षेपकाच्या संरोधाच्या शेकडा ५ हून अधिक नसावा, असा एक व्यवहारी नियम आहे. म्हणजे ८ ओहमला ०.४ ओहम. दीड चौरस मिलिमीटरची तार या मर्यादेला नेमकी टेकते. अडीचची घेतली तर रोध पाव ओहमच्या आतच राहतो.

तारेविषयी आणखी तीन गोष्टी. एक: अधिक खुणेला अधिक आणि वजा खुणेला वजा, असेच जोडावे. जोडीतला एक उलटा जोडला तर एकाचा शंकू पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आणि खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात. खूण पुसट असेल तर दीड व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून पाहावी. बॅटरीचे अधिक टोक ध्वनिक्षेपकाच्या अधिक टोकाला लागले की खर्जाचा शंकू बाहेर सरकतो. दोन: पिळलेल्या तारेचा एकही धागा शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नये. आपल्या दमट हवेत तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवा गंज चढतो, म्हणून टोके दरवर्षी पावसाळ्यानंतर पाहावीत. तीन: जोडणी करताना यंत्राची पिन भिंतीतून काढलेली असावी. घरातील २३० व्होल्टांच्या वीजतारांच्या नळीतून ध्वनिक्षेपकाची तार कधीही नेऊ नये, आणि भिंत फोडण्याचे काम असेल तर माहीतगार वायरमनलाच बोलवावे. धाडस आणि बेपर्वाई यांतला भेद विजेला कळत नाही.

एक फसवा अडथळा

हे सारे समजल्यावर विद्यार्थ्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने जुन्या जोडण्या सोडविल्या, रिकामे दोन शक्तिवर्धक दुसऱ्या विभागाकडे दिले, जाड तार ओढली. बटण दाबले, आजीच्या खोलीत पूर्ण शांतता! दोन तास त्यांनी तार तपासली. तारेत काहीच दोष नव्हता. शेवटी पुस्तिकेच्या मागील पानांत उत्तर सापडले. पुष्कळ रिसीव्हरांत, विशेषतः जुन्यांत, दुसऱ्या विभागाला फक्त अ‍ॅनालॉग, म्हणजे लहरीच्याच रूपाने आलेला, आवाज मिळतो. अंकरूप आवाज उलगडणारे अंग मुख्य विभागाच्या सेवेला बांधलेले असते. गाणी वाजविणारे यंत्र एचडीएमआय तारेने जोडलेले असल्यामुळे त्याचा आवाज दिवाणखान्यात उलगडला जाई, पण आतल्या खोलीकडे जाण्यास त्याला वाटच नव्हती. त्याच यंत्राच्या मागे असलेल्या लाल आणि पांढऱ्या छिद्रांतून साधी जोडतार रिसीव्हरला लावली, आणि आजीच्या खोलीत तंबोरा झंकारला. काही नव्या रिसीव्हरांत दुसऱ्या विभागासाठीही अंक उलगडण्याची सोय असते. यंत्र विकत घेण्यापूर्वी हे विचारून घेणे हिताचे.

किती आवाज पुरे?

मुलांची मूळ चूक जोडणीची होती. पण तिच्यामागे आणखी एक गैरसमज होता. चार खोल्यांना चौपट शक्ती लागणार, असे त्यांनी मनोमन धरले होते. आपला कान असा हिशेब करीत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटावयाचा तर शक्ती सुमारे दसपट करावी लागते. म्हणून ५० वॅटचे १२.५ वॅट झाले तरी आवाज चतुर्थांश होत नाही, सुमारे दोनतृतीयांश वाटतो. लहान खोलीत बिछान्यावर पडून गाणे ऐकणाऱ्याला सर्वसाधारणपणे एक वॅटही पुष्कळ होतो.

अंतराचाही विचार करावा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १८ मीटर जाण्यास त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो. तारेने नेलेला आवाज मात्र दोन्ही खोल्यांत जवळजवळ एकाच क्षणी उमटतो. आजीच्या खोलीतून ऐकणाऱ्याला आधी जवळचा ध्वनिक्षेपक ऐकू येतो, आणि दार उघडे असल्यास दिवाणखान्याचा आवाज मागाहून येतो. पाठोपाठ येणारे दोन आवाज साधारण सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आत आले तर कान त्यांना एकच मानतो, हे जर्मन संशोधक हेल्मुट हास याने १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखविले. त्याहून उशिरा आणि मोठ्याने आलेला आवाज प्रतिध्वनीसारखा खुपतो, आणि बोललेले शब्द अस्पष्ट होतात. उपाय सोपा आहे. दिवाणखान्याचा आवाज आवरावा, म्हणजे आतल्या खोलीतला स्पष्ट होईल.

आवाज आवरण्यास दुसरेही कारण आहे. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातलेली आहे. रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत. प्रत्येक खोलीत आपला लहान ध्वनिक्षेपक असण्याचा मोठा लाभ हाच, की घरभर ऐकू जावे म्हणून एकाच खोलीत गर्जना करावी लागत नाही. शेजाऱ्याची झोपही राहते आणि आपले गाणेही.

शेवट

शेवटी त्या घरी अशी व्यवस्था झाली. दिवाणखान्यात पूर्वीचे पाच ध्वनिक्षेपक; दुसऱ्या विभागाच्या दोन शक्तिवर्धकांवर रोहित्राच्या बटणांमार्फत तीन खोल्या. प्रत्येक बाजूला ३२ ओहमच्या तीन समांतर वाटा, म्हणजे साडेदहा ओहमहून थोडे अधिक. ८ च्या वर, म्हणून निर्धोक. आजीच्या खोलीतले बटण तिच्या हाताला येईल अशा उंचीवर उशाशी बसविले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा तिने आम्हाला ते स्वतः फिरवून दाखविले. “आतां म्हाका सगळें आयकूंक येता,” ती म्हणाली. आणि आमच्याशी बोलावयाचे म्हणून लगेच तिने ते खाली आणले. इतके महिने पाणी मागण्यापासून कूस बदलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला तिला कोणाला तरी हाक मारावी लागत होती. ही एक गोष्ट तिच्या हातात आली होती.

विसर्जनाच्या दिवशीची आरती मात्र तिने तारेवरून ऐकली नाही. मुलांनी तिला खुर्चीसह उचलून देवापुढे आणले. यंत्राने आवाज नेता येतो, पण माणसाला माणसांत न्यावयाचे काम माणसांनीच करावे लागते, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही. विद्यार्थी मित्रहो, ओहमचा नियम परीक्षेत पाच गुणांचा असतो. त्या घरी तो आजीच्या उशाशी उपयोगी पडला. शाळेत शिकलेले कोठे उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ते नीट समजून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.

आपल्याच केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा सूर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण-तबकडीतून अंतराळात गेला आणि आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे पोचला आहे. त्या मानाने आपल्याला तो शेजारच्या खोलीपर्यंतच न्यावयाचा आहे. थोडा हिशेब केला तर ते जमण्यासारखे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ८ ओहमचे दोन आणि ४ ओहमचा एक असे तीन ध्वनिक्षेपक समांतर जोडले. एकूण संरोध किती? ४ ओहमपेक्षा कमी भार चालत नाही अशा यंत्राला ही जोडणी योग्य होईल काय?

२. ध्वनिक्षेपक २५ मीटर अंतरावर असून त्याचा संरोध ८ ओहम आहे. दीड चौरस मिलिमीटरची तार चालेल काय? हिशेबाने दाखवा.

३. शाळेचा शक्तिवर्धक १२० वॅट व १०० व्होल्ट तारेचा आहे. पंचमांश शक्ती राखीव ठेवावयाची असेल, तर १० वॅटचे जास्तीत जास्त किती ध्वनिक्षेपक जोडता येतील?

४. आपल्या घराचा नकाशा काढून आवाजाची तार कोठून नेता येईल ते दाखवा, आणि ती सर्वांत आधी कोणाच्या खोलीत न्यावी याचा घरात विचार करा.